तुम्ही विचारलंत म्हणून: थेरपिस्टना कसलं आलंय प्रशिक्षण?

"थेरपिस्टना दुभाष्याबरोबर काम करायला शिकवता, म्हणजे नेमकं काय शिकवता?" या प्रश्नामागचा प्रश्न मला ऐकू येतो. थेरपिस्टला बोलता येतं, दुभाष्याला दोन्ही भाषा येतात, मग शिकवायचं उरलं काय? एकदा नीट सांगते.

तंत्राचा भाग थोडाच आहे. बघायचं कुटुंबाकडे, दुभाष्याकडे नाही. "त्यांना विचारा, झोप लागते का" असं न म्हणता सरळ "तुम्हाला झोप लागते का?" विचारायचं. दोन-तीन वाक्यांनी थांबायचं. सत्राला जास्त वेळ धरायचा. एका भाषेत प्रमाणित झालेली चाचणी तिथल्या तिथे दुसऱ्या भाषेत वाचून घेऊन तिच्या गुणांवर निदान बेतायचं नाही. हे सगळं एका दुपारी शिकवून होतं.

उरलेलं समजावं म्हणून एक सत्र सांगते. ओळख पटेल असं सगळं वगळलंय. मी दुभाषी होते. समोर आई, वडील आणि शाळकरी मुलगी. मुलीला थेरपिस्टची भाषा छान येत होती, वडिलांना मोडकीतोडकी, आईला अजिबात नाही. आधी माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. कुटुंब कशासाठी आलंय तेही खुर्चीत बसल्यावर कळलं. मुलगी चटपटीत होती, त्यामुळे थेरपिस्टचं बोलणं हळूहळू तिच्याशीच होऊ लागलं. मी आईला हलक्या आवाजात सगळं सांगत राहिले.

मग आई बोलली. खाली बघत, सलग. मी सांगितलं, "मला सकाळी उठावंसं वाटत नाही." मग, "मी नसले तर या दोघांचं बरं होईल." दुभाष्याने बोलणाऱ्याचं वाक्य त्याच्याच तोंडचं असल्यासारखं सांगायचं, त्या नियमाप्रमाणे 'मी' म्हणूनच. पुढचं सांगणार तेवढ्यात थेरपिस्टने मुलीकडे वळून विचारलं, "आई घरी असं म्हणते?" मुलीने वडिलांकडे पाहिलं. "नाही, ती दमलीय फक्त." वडिलांनी मान हलवली. मी म्हणाले, "आईंचं बोलणं अजून व्हायचंय." वेळ संपत आल्याचं उत्तर मिळालं. आईने मला विचारलं, "काय चाललंय?" प्रश्न आणि मुलीचं उत्तर, दोन्ही मी तिला सांगितलं, ते माझं कामच होतं. ती मुलीकडे बघून हसली आणि पुढे एक शब्द बोलली नाही. तिचं राहिलेलं वाक्य मी इथेही लिहिणार नाही.

ती थेरपिस्ट बेफिकीर नव्हती. भाषा येणाऱ्या मुलाकडे घराची सूत्रं कशी सरकतात, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. अमेरिकेत 2016 च्या नियमाने, सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्यसेवांमध्ये आणीबाणी सोडून अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला मनाई झाली. पण या सत्रात असा नियम मोडलाच नसता. दुभाषी हजर होती ना!

"दुभाषीच चुका करतात" हेही ऐकवलं जातं. करतात. 'पेडियाट्रिक्स' या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात 2003 साली आलेल्या अभ्यासात बालरुग्णांच्या 13 भेटींत मिळून 396 चुका सापडल्या होत्या, त्यात प्रशिक्षित दुभाष्यांच्याही होत्या. म्हणून दुभाष्यांना शिकवायला हवं, यावर वाद नाही. वाद होतो समोरच्या खुर्चीचा, म्हणजे थेरपिस्टला शिकवण्याचा विषय काढला की.

पूर्वी मी स्वतःच म्हणायचे, दुभाष्याने खोलीत नसल्यासारखं असावं. आता थेरपिस्टना सांगते, सत्राआधी त्याला विश्वासात घ्या, जिवावरचा विषय निघू शकतो का ते सांगा, नंतर थोडा वेळ त्याच्याबरोबर बसा. दुसऱ्याचं मरण 'मी' म्हणून बोलून तो पुढच्या कामाला जाणार असतो.

यावर एका वर्गात कुणीतरी अडवलं होतं: "मग दुभाषी निदान करायला लागला तर?" लागतोही कधीकधी. माझी जुनी भूमिका या भीतीतूनच आली होती, आणि ती भीती खोटी नव्हती. आईने जिन्यात फक्त दुभाष्याला काही सांगितलं, तर त्याने काय करायचं? जिवाला धोका असेल तर थेरपिस्टला सांगायचंच, एवढं पक्कं. त्यापलीकडचं मी वर्गासमोर मांडते आणि त्यांना भांडू देते.