आमची वाटचाल: बायोसेन्सरची मापनकक्षा नेमकी काढताना

लिगँड (म्हणजे मोजायचा रेणू किंवा आयन) धरणाऱ्या बायोसेन्सरची मापनकक्षा, म्हणजे ज्या संहतींमधलं मोजमाप भरवशाचं असतं ती मर्यादा, काढणारं आमचं सॉफ्टवेअर सुरू झालं ते सर्वांच्या ओळखीच्या नियमावर. सेन्सर १० टक्के भरल्यापासून ९० टक्के भरेपर्यंत, म्हणजे केडीच्या (सेन्सर अर्धा भरतो त्या लिगँड-संहतीच्या) नवव्या भागापासून नऊपटीपर्यंत, एकूण ८१ पट. गणित बरोबर, पण वापरणाऱ्याचं यंत्र त्यात कुठेच नाही.

म्हणून पुढच्या आवृत्तीत दोन प्रश्न सक्तीचे केले: रेशो (दोन तरंगलांबींवरच्या प्रकाशतीव्रतांचं गुणोत्तर) मोजताना चूक किती होते, आणि संहतीत किती चूक चालेल? समजा २० टक्के चालेल. रेशोची चूक किमान (सेन्सर मोकळा असताना) आणि कमाल (पूर्ण भरल्यावर) रेशोंमधल्या अंतराच्या १ टक्का असेल, तर केडीच्या ०.०५६ ते १८ पटीपर्यंत भरवसा धरता येतो. २ टक्के झाली की ०.१३ ते ७.९ पट. ५ टक्क्यांवर उरतो फक्त मधला एक बिंदू. सेन्सर तोच, केडी तीच! कॅमेऱ्याचा एक्स्पोजर वाढवून, म्हणजे रेशोची चूक कमी करून, जे मिळतं ते नवा सेन्सर घेऊनही मिळेलच असं नाही.

चूक रेशोच्या प्रमाणात वाढत असेल तर कक्षा वरच्या बाजूने आणखी आखडते. किमान १, कमाल ५ आणि चूक ३ टक्के धरा: रेशो १.५ असताना संहतीत सुमारे १० टक्के चूक येते, ४.५ असताना ३१ टक्के.

रेशोचा मध्य केडीवरच येतो, हा समजही काढावा लागला. १९८५ च्या ग्रिंकीविच, पोएनी आणि त्सिएन यांच्या, रेशोवरून संहती काढण्याच्या सूत्रात केडीला एका गुणकाने गुणलेलं असतं: छेदातल्या तरंगलांबीवर मोकळ्या सेन्सरची तीव्रता भागिले भरलेल्याची. वरच्या पटींत हा गुणक १ धरला आहे; तो ३ असेल तर मध्य केडीच्या तिप्पट संहतीवर जातो.

सर्वाधिक घोळ कमाल रेशोत होतो. शेवटचं कॅलिब्रेशन द्रावण (माहीत असलेल्या संहतीचं) केडीच्या नऊपटच असेल तर सेन्सर ९० टक्केच भरतो. तोच आकडा कमाल मानला, तर (गुणक १ असताना) केडीच्या चौपट असलेली संहती आठपट दिसते. त्यामुळे द्रावणांच्या संहती विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर आता कमाल रेशो स्वीकारत नाही. सेन्सरची स्वतःची संहती केडीच्या दहाव्या भागाहून जास्त असेल तरी ते थांबवतं, कारण बराच लिगँड सेन्सरच अडवून धरतो आणि मोकळा कमी उरतो.

रेशो कमालच्या वर गेला की सूत्र ऋण संहती देतं. तो आकडा ओढून टोकावर बसवणं आम्ही बंद केलं. तिथे 'कक्षेच्या वर' एवढंच छापतो.