आमची वाटचाल : दोन भाडेकरूंच्या मधले दिवस

२०१२ साली ठाण्याच्या नौपाड्यात आम्ही नवरा-बायकोनं काम सुरू केलं तेव्हा पाटीवर ‘पेंटिंग व प्लंबिंग’ एवढंच होतं. यांच्याकडे रंगारी आणि एक प्लंबर, माझ्याकडे हिशेबाची वही. एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत घर नीट करून द्यायचं, अशी भाड्याच्या घरांची कामं ओळखीतून येत गेली. घोडबंदर रोडला टॉवर भरत होते, अकरा महिन्यांचे करार संपत होते आणि मालक असायचे पुण्यात, नाहीतर परदेशात.

फोनवरचा प्रश्न ठरलेला, “वहिनी, वन बीएचकेच्या रंगाला किती?” रंगाचा हिशेब सोपा. कार्पेट एरियाच्या साधारण साडेतीन पट भिंती आणि सिलिंग धरायचं, म्हणजे ४०० फुटांच्या घराला १,४०० फूट. त्यात फारसं कुणी फसत नाही. बजेट कोलमडतं ते पाण्यानं आणि रिकाम्या दिवसांनी.

ओल कुठून येते हे कळल्याशिवाय मी कोटेशन देत नाही. वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या इमारतींत तर नाहीच. बेडरूमच्या भिंतीला खालून पापुद्रे सुटले असले की आधी पलीकडे बाथरूम आहे का ते बघायचं. असेल तर नहाणी ट्रॅप, म्हणजे लादीतलं पाणी जायचं तोंड, बंद करून लादीवर पाणी साठवायचं आणि चोवीस तासांनी भिंत आणि खालच्यांचं सिलिंग तपासायचं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीनं काढायची, आतल्या संडास-बाथरूमची सभासदानं. त्यामुळे ओल कुणाची हे ठरलं की निम्मं बजेट ठरतं. वरून पुट्टी फासून भाडेकरू आणणारे मालकही भेटतात. त्यांना आम्ही हात जोडतो.

३०,००० भाडं असेल तर रिकामा दिवस हजाराला पडतो, वर मेंटेनन्स आहेच. म्हणून भाडेकरूनं नोटीस दिली की घर भरलेलं असतानाच आम्ही बघून येतो. कपाटामागची भिंत दिसत नाही, पण गीझर, ट्रॉल्यांचे चॅनल, सिंकखालचं फुगलेलं प्लाय लगेच कळतं. सोसायटीची परवानगी आणि डेब्रिजचं, म्हणजे तोडफोडीच्या राडारोड्याचं, डिपॉझिटही तेव्हाच उरकायचं. दुपारी ठोकाठोक बंद असते, तेही दिवसांत धरायचं.

२०२० मध्ये घरं रिकामी झाली आणि मालकांनी हात आखडला. तेव्हापासून आमचं कोटेशन दोन पानी असतं. ज्यावाचून घर देताच येत नाही ते पहिल्या पानावर : गळती, वायरिंग, एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारे स्विच), कुलपं. भाडं वाढणार असेल तरच करायचं ते दुसऱ्यावर. मॉड्युलर किचन बहुतेक वेळा दुसऱ्याच पानावर जातं.

आमचे एक जुने काका दर वेळी विचारतात, “हे बिल टॅक्समध्ये दाखवता येईल ना?” नाही येत. भाड्यातून पालिकेचा कर वजा जाता उरेल त्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग तुम्ही रुपया खर्च करा नाहीतर लाख. म्हणून दर वर्षी एक महिन्याचं भाडं बाजूला काढा, असं मी त्यांना सांगते. काढतातही, काकू त्याला ‘वहिनींचा हप्ता’ म्हणतात.

हल्ली ऐरोली-घणसोलीची कामं वाढली आहेत. मे महिन्यासाठी मात्र मार्चमध्येच सांगून ठेवावं लागतं. पावसात पुट्टी वाळत नाही, त्यामुळे रंगारी सगळ्यांना मेमध्येच हवे असतात.