आमची वाटचाल: नारायण पेठेतली एक खोली

1998 साली पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका वाड्यात पहिल्या मजल्यावर मी कर सल्लागाराची पाटी लावली. टेबल एक, कॅल्क्युलेटर एक आणि वडिलांच्या ओळखीतल्या अकरा पार्ट्या, म्हणजे ज्यांचं कराचं काम आम्ही बघतो ते व्यापारी. तेव्हा विक्रीकर होता. 1 एप्रिल 2005 ला व्हॅट आला, 1 जुलै 2017 ला जीएसटी. कर बदलला की आमच्याकडे एक टेबल वाढायचं. जीएसटी आला तेव्हा शेजारची खोलीही भाड्याने घेतली आणि आम्ही आठ जण झालो.

त्या काळात घरून काम करण्याबद्दल माझं एक मत पक्कं होतं. माणूस डोळ्यांसमोर नाही म्हणजे काम होत नाही. या मताची किंमत मी 2018 मध्ये मोजली, पण ती कळायला दोन वर्षं गेली.

आमच्याकडे सहा वर्षं काम केलेल्या एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या. धायरीहून यायच्या. रजा संपत आली तेव्हा भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “सर, पुढचे सहा महिने घरून केलं तर चालेल का? पगार थोडा कमी करा हवं तर.” मी म्हटलं, “बिलांच्या फायली घरी न्यायच्या? एखादं बिल गहाळ झालं तर पार्टीला काय तोंड दाखवायचं?” 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात 26 आठवड्यांची रजा होती आणि रजेनंतर दोघांच्या संमतीने घरून काम करण्याची सोयही होती. मला ते माहीत होतं. पण तो कायदा दहा आणि त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनांना लागू व्हायचा, आम्ही आठच. त्या आकड्याच्या आड मी लपलो. त्यांनी नोकरी सोडली.

त्यांच्या जागी चौदा महिन्यांत दोन मुलं येऊन गेली. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर दोघांनाही येत होतं, पण मार्केट यार्डातले आमचे एक भुसार व्यापारी खरेदीची बिलं कायम शेवटच्या दिवशी देतात, म्हणून 5 तारखेपासूनच त्यांच्या मागे लागायचं असतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? रविवार पेठेतल्या पार्टीचा एक पुरवठादार नेहमी चुकीचा जीएसटी नंबर टाकतो, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. ते मॅडमच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबर धायरीला गेलं. त्या वर्षी आमच्या चुकीने रिटर्न उशिरा गेल्यामुळे भरायला लागलेली लेट फी मी खिशातून भरली. रोजचे 50 रुपये दिसायला किरकोळ, पण पार्ट्या आणि दिवस दोन्ही वाढले की आकडा डोळ्यांत भरतो.

मग 24 मार्च 2020. दुपारी अर्थमंत्र्यांनी रिटर्नच्या मुदती जूनअखेरपर्यंत वाढवल्या, म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा. बरं, आदल्या शनिवारीच दोघांनी कॉम्प्युटर घरी नेले होते. एकाने सीपीयू चादरीत गुंडाळून स्कूटरवर पायांमध्ये ठेवला आणि हडपसरपर्यंत पाय फाकवून गेला. तो प्रवास तो अजून रंगवून सांगतो.

पहिले तीन महिने नुसता गोंधळ. मोठा घोटाळा डेटाचा झाला. एका पार्टीची टॅलीची फाइल दोघांकडे होती. एकाने खरेदी चढवली, दुसऱ्याने बँक. मग मीच पेनड्राइव्हवरून जुना बॅकअप वर घातला आणि अकरा दिवसांच्या एन्ट्र्या उडाल्या. चूक माझी होती आणि बसून पुन्हा चढवल्याही मीच. त्यानंतर सगळा डेटा भाड्याच्या एकाच सर्व्हरवर ठेवला. घरून असो की ऑफिसातून, सगळे त्याच एका फाइलमध्ये काम करतात. बिलांचे फोटो पार्ट्या व्हॉट्सॲपवर टाकतात, बहुतेक आडवे. रिटर्न भरतानाचा ओटीपी पार्टीच्या मालकाच्याच फोनवर येतो, आणि मालक दुपारी दोन ते चार झोपलेले असतात. म्हणून रिटर्नचा शेवटचा टप्पा आता सकाळी अकराच्या आत. हा नियम आम्हाला दहा वर्षांपूर्वीच सुचायला हवा होता.

फायदा म्हटलं की लोक भाड्यापासून सुरुवात करतात. तोही झाला. 2021 मध्ये शेजारची खोली सोडली आणि महिन्याचे 14,000 वाचले. त्यातले निम्मे सर्व्हर, घरच्या इंटरनेटचा भत्ता आणि दोन बऱ्या खुर्च्या यांत गेले. खरी कमाई 14 ते 20 तारखेच्या आठवड्यात आहे. 14 ला टूबी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची सरकारी यादी, येते आणि 20 पर्यंत थ्रीबी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायची. मधल्या सहा दिवसांत प्रत्येक पार्टीच्या खरेदीचं त्या यादीशी मॅचिंग. पूर्वी या दिवसांत रात्री नऊपर्यंत बसायचो. साडेसातपासून एकेकीच्या घरून फोन सुरू व्हायचे, आणि थकलेल्या डोळ्यांनी केलेलं मॅचिंग सकाळी पुन्हा तपासावं लागायचं. आता सकाळी सातला, प्रवासाच्या वेळात, डोकं ताजं असताना दोन तास काम होतं. चुका कमी झाल्या हे मी लेट फीच्या रकमेवरून सांगतो: गेल्या वर्षी आमच्या चुकीने एक रुपयाही भरला नाही.

खोली सोडली त्याच वर्षी मी धायरीच्या मॅडमना फोन केला. त्या एव्हाना वाईला राहायला गेल्या होत्या. बोलताना मीच अडखळत होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, “बिलं गहाळ झाली तर, सर?” मी गप्प. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, “पगार मात्र कमी नाही करायचा हं.” आता आमच्या सत्तर पार्ट्या त्या वाईहून बघतात. रविवार पेठेतल्या पार्टीच्या त्या पुरवठादाराचा नंबर त्यांना अजून पाठ होता.

सगळं गोड नाही. “घरीच तर आहेस, जरा कुकर लाव” हे आमच्याकडच्या दोघींना रोज ऐकावं लागतं. म्हणून संध्याकाळी सातनंतर आमच्यापैकी कुणी त्यांना फोन करायचा नाही, 20 तारीख सोडून, असं ठरवलं. सासूबाईंवर मात्र माझा नियम चालत नाही. आमचे सर्वात जुने कर्मचारी, त्यांना सगळे काका म्हणतात, महिनाभरात ऑफिसात परत आले. घरी करमत नाही म्हणाले. भाच्याने मला चीनमधल्या एका प्रवास कंपनीतल्या प्रयोगाबद्दल पाठवलं होतं. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, आणि तरीही मुभा मिळाल्यावर त्यांतले निम्मेअर्धे ऑफिसात परतले, एकटेपणाला कंटाळून. काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “त्यासाठी चीनला कशाला जायला हवं होतं?”

गुरुवारी वाईच्या मॅडम सोडून सगळे येतात. गुरुवारच का, तर पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी नि वीज बहुधा त्याच दिवशी जाते आणि ऑफिसात इन्व्हर्टर आहे. नव्या माणसाला मात्र पहिलं वर्ष रोज यावं लागतं. हे काम अर्धं शेजारच्या टेबलावरचं फोनवरचं बोलणं ऐकूनच येतं. यंदा सांगलीच्या एका मुलीने अर्ज केलाय, ती म्हणते पहिल्या दिवसापासून घरूनच करीन. काकांचं मत ठाम “नको” असं आहे. वाईच्या मॅडम म्हणतात, तिला रोज दोन तास फोनवर माझ्याबरोबर बसवा, बघू. 1 तारखेपासून बसवतोय.