डरवेंट व्हॅलीत पक्षी बघायला जाताय? मधलं पाणी सोडा, कडेला बघा

परवा रविवारी दादाला, म्हणजे पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाला, घेऊन इंग्लंडमधल्या डरवेंट व्हॅलीला जाऊन आले. शेफील्डहून गाडीने अर्धा-पाऊण तास, हाउडन, डरवेंट आणि लेडीबावर अशी एकाखाली एक तीन धरणं. सकाळी ८ ला फेअरहोम्सच्या पार्किंगला उतरलो तर २ डिग्री, गवत नुसतं पांढरं पडलेलं.

चढून डरवेंट धरणाच्या वर आलो, दादाने दुर्बिणीतून सगळं पाणी पिंजून काढलं आणि म्हणाला, "अगं, एवढं पाणी आणि एक बदक नाही?" त्याला भिगवणची सवय. पण तिथलं उजनीचं बॅकवॉटर उथळ, गाळाचं, खायला भरपूर. इथलं पाणी पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीच्या, डोंगरांवरून येतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं, आम्लधर्मी आणि खोल, पाणवनस्पती जवळजवळ नाहीतच, मग बदकं थांबतील कशाला? म्हणून सांगते, मधल्या पाण्यावर तासभर घालवू नका, ओढे जिथे येऊन मिळतात तिथे थांबा, काठची झाडं बघा आणि कान आभाळाकडे ठेवा.

धरणाखाली नदीत डिपर हा छोटा पक्षी मिळाला, दहा-बारा पावलांवर! काळपट अंग, छातीवर शुभ्र पांढरा पट्टा, दगडावर सारखा उठाबशा काढतो आणि मग सरळ चालत पाण्याखाली जातो. दर वेळी डोळा मिटला की पापणी पांढरी चमकते, ते नक्की बघा, त्यासाठी मात्र अजिबात न हलता उभं राहावं लागतं.

साडेदहाला आधी आवाज आला, दादा लगेच म्हणाला "पट्टकादंब!" (भिगवणला हिवाळ्यात येणारे रानहंस), पण ते निघाले तसेच ओरडणारे पिंक-फुटेड गीज, हेही रानहंसच; त्यांचे दोन थवे डोक्यावरून पूर्वेला गेले, शंभराच्या वर सहज. आइसलँड-ग्रीनलँडहून आलेले हे पक्षी लँकेशायरहून नॉरफोककडे जाताना हे डोंगर ओलांडतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरची स्वच्छ सकाळच पकडा. रोवनच्या झाडांवरच्या लाल फळांवर रेडविंग आणि फील्डफेअर या पक्ष्यांची झुंबड होती. पंखाखाली तांबडं दिसलं की रेडविंग, "चॅक-चॅक" ऐकू आलं की फील्डफेअर.

वीकेंडला फेअरहोम्सच्या पुढचा रस्ता गाड्यांना बंद असतो, त्यामुळे रस्त्याच्या शेवटी असलेल्या किंग्ज ट्रीपर्यंत चालत किंवा सायकलने. तिथून पुढे स्लिपरी स्टोन्सचा जुना दगडी पूल, हा मूळचा लेडीबावरखाली बुडालेल्या डरवेंट गावातला, दगड सुटे करून इथे परत बांधलाय. तिथे हेदरच्या झुडपांमध्ये रेड ग्राऊस हे तितरासारखे पक्षी ओरडत होते. टॉयलेट आणि खाणं फेअरहोम्सलाच, पुढे काही नाही, फोनला रेंजही धड नाही, म्हणून थर्मास आणि नकाशा जवळ हवाच. हातमोजे पातळ घ्या, जाडजूड मोज्यांनी दुर्बिणीचा फोकस फिरवता येत नाही आणि काढले की पाच मिनिटांत बोटं बधिर, दादाचं तेच झालं.

ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की पाचच्या आतच सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्याही आधी अंधारतं. परतताना अर्धा तास राखून लेडीबावरला हेदरडीनच्या पार्किंगमध्ये थांबा, आम्हाला तिथे चार गूझँडर, म्हणजे मासे खाणारी बदकं, मिळाले, तेही काठालगतच.