भोंग्याकडे कान

मूकपटातली लहान मुलं बघताना मला एक चाळा लागलाय. त्यांचे डोळे कुठे जातात ते बघत बसायचं. हॅल रोच यांनी १९२२ साली हॉलिवूडमध्ये ‘आवर गँग’ ही पोरासोरांच्या विनोदी लघुपटांची मालिका सुरू केली. पडद्याला आवाज नव्हता, त्यामुळे दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवन कॅमेऱ्याशेजारी उभे राहून भोंग्यातून खुशाल ओरडत असत. मागे बघ! घाबर! पळ! मग पडद्यावरचं एखादं शेंबडं पोर क्षणभर बाजूला बघतं, कान देतं आणि भुताला किंचित उशिरा घाबरतं. या उशिरावर मी फिदा आहे. मुरलेला नट भूत यायच्या आधीच घाबरून तयार असतो.

मालिका सुचली कशी, ते रोच स्वतःच रंगवून सांगायचे, तेव्हा थोडा मीठमसाला धरूनच चाला. ऑफिसात कुणी नटवलेली, पढवलेली मुलगी काम मागायला आली होती. ती गेल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, तर समोरच्या वखारीत काठ्यांवरून पोरांची जुंपलेली. सगळ्यात छोट्याने सगळ्यात मोठी काठी पटकावली होती आणि सगळ्यात मोठ्याला तीच हवी होती. रोच पाहतच राहिले.

टोळीत गोरी-काळी पोरं एकत्र हुंदडायची, हे त्या काळच्या अमेरिकेत थोडंथोडकं नव्हतं. पण काळ्या पोरांच्या वाट्याला आलेले काही विनोद आज बघवत नाहीत, हेही खरंच. त्यातला फरिना, म्हणजे ॲलन हॉस्किन्स, माझा लाडका. डोक्यावर छोट्या छोट्या वेण्या, त्यामुळे हा मुलगा की मुलगी, याचा प्रेक्षकांना पत्ता लागत नसे.

१९२९ मध्ये टोळी बोलू लागली आणि मॅकगोवन यांना तोंड मिटावं लागलं. आता संवाद पाठ करणं आलं. काही पोरं तर चक्क शाळेतल्यासारखी कविता म्हणतात. तरी डोक्यावर गोल डर्बी हॅट घातलेला टोळीतला पोरगा स्टायमी आला की बोलपटाबद्दलची माझी तक्रार विरघळते.

मालिका १९४४ पर्यंत चालली, २२० लघुपट झाले, पण टोळीचं वय काही वाढलं नाही. पोराचे पाय लांब झाले की त्याच्या जागी दुसरं. पैशांची कथा मात्र हसण्यासारखी नाही. चॅप्लिनबरोबर चमकलेल्या जॅकी कूगनची लाखोंची कमाई आई आणि सावत्र बापाने उडवली. तो कोर्टात गेला, तेव्हा कुठे १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा झाला. १९५५ पासून ‘आवर गँग’चे लघुपट टीव्हीवर लागू लागले. तोवर बाप्ये झालेल्या त्या पोरांना त्यातून छदामही मिळाला नाही. टीव्ही लावला की स्वतःचं बालपण फुकट बघायला मिळायचं, तेवढंच. तेही जाहिरातींसकट.