गृहचौकशीच्या एका कागदासाठी 76 दिवस

विधी महाविद्यालयाच्या विधी सहाय्य केंद्रात मी शिकवते. गेल्या वर्षी पहिल्यांदाच बाल कल्याण समितीपुढचं, म्हणजे हरवलेल्या किंवा निराधार मुलांचा ताबा ठरवणाऱ्या समितीपुढचं प्रकरण घेतलं, तेही पालकाच्या बाजूने. घरकाम करणारी आई, स्टेशनवर चुकलेला आठ वर्षांचा मुलगा. पोलिसांनी त्याला समितीपुढे हजर केलं, तिथून तो बालगृहात गेला. आई तिसऱ्या दिवशी पोचली.

पूर्णवेळ प्राध्यापकाला वकीलपत्र घालता येत नाही, विद्यार्थ्यांकडे सनद नसते. तरी मार्ग निघतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकील दिले. तिथे बाईला उत्पन्नाची अट नाही. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 32 खाली अर्ज केल्यावर समितीने दोघा विद्यार्थ्यांना बोलायची परवानगीही दिली.

सगळं अडलं ते गृहचौकशीपाशी, म्हणजे मुलाचं घर पाहून समितीला द्यायच्या अहवालापाशी. बाल न्याय कायदा 2015, कलम 36: सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत पुरी व्हावी. आईच्या आधारवर गावचा पत्ता, म्हणून अहवाल शेजारच्या जिल्ह्यातून मागवला. पंधरा दिवस गेले, अहवाल नाही. फोन केला तर "पत्रच आलं नाही." पुन्हा पाठवलं. मग "साहेब रजेवर आहेत." प्रत्येक तारखेला समिती विचारायची, अहवाल आला का? आणि पुढची तारीख पडायची. आई दर तारखेला एक दिवसाचा पगार बुडवून यायची, सगळी कागदपत्रं साडीच्या दुकानाच्या पिशवीत घेऊन. माझी एक विद्यार्थिनी शेवटी स्वतः एसटीने त्या कार्यालयात गेली आणि दिवसभर बाकावर बसून राहिली.

सातव्या आठवड्यात अहवाल आला. एकच ओळ: "घरास कुलूप, कुटुंब आढळून आले नाही."

असणारच कुलूप! ती दोन वर्षं शहरात राहते! आजही ती ओळ आठवली की माझा संताप होतो. त्या एका ओळीवर मुलाचं बालगृहातलं राहणं लांबलं, आणि त्याच कायद्याचं कलम 3 सांगतं की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय.

विद्यार्थ्यांनी त्याच रात्री नवा अर्ज लिहिला: चौकशी आई सध्या राहते त्या खोलीवर करा. सोबत भाडेपावत्या, शाळेचा बोनाफाईड, आणि कामावरच्या दोन घरांची पत्रं. गृहचौकशी करणाऱ्या परिविक्षा अधिकारी आठवड्यात येऊन गेल्या. म्हणून सांगते, पहिल्याच तारखेला सध्याचा पत्ता लेखी द्या, आधारवरच्या पत्त्यावर विसंबू नका. प्रत्येक पत्राचा जावक क्रमांक वहीत टिपा. त्याशिवाय पलीकडे कोणी दाद देत नाही.

हो, आणि आईला दर आठवड्याला भेटीला पाठवा, बालगृहाच्या रजिस्टरमध्ये तिचा अंगठा किंवा सही पडलीच पाहिजे. आमच्या प्रकरणात समितीने ते रजिस्टर मागवून पानं उलटून पाहिली. विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये मुलाचं नाव कुठेही येऊ देऊ नका, मुलाची ओळख उघड करण्याबाबत त्याच कायद्याचं कलम 74 कडक आहे.

युक्तिवाद कसा करायचा हे मी वर्गात शिकवलं होतं. कागदामागे कसं लागायचं हे मुलं या 76 दिवसांत शिकली, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

76 व्या दिवशी मुलगा आईच्या ताब्यात दिल्याचा आदेश झाला. आदेशाची शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. शाळेत नाव पुन्हा घालताना मुख्याध्यापकांनी सगळ्यात आधी तीच मागितली.