'नाही'चं पान

आषाढ संपत आला. सकाळी खानापूरहून बसनं येताना खिडकीतून पाणी आत येत होतं, ओढणी भिजली ती दुपारपर्यंत वाळली नाही. सहा आठवड्यांपैकी आज पाचवा संपला. झोप येत नाही, म्हणून लिहीत बसले आहे.

बी.कॉम.च्या इंटर्नशिपसाठी मी बेळगावच्या खडेबाजारातल्या एका कापड दुकानात आहे. खरेदी मालक स्वतः बघतात. त्यांच्या शेजारी बसायचं, सॅम्पल हाताळायचं, बिलं जुळवायची आणि आलेल्या मालाचा हिशेब ठेवायचा हे माझं काम. खरेदी म्हणजे आपल्याला आवडेल ते निवडणं असं मला वाटायचं. पहिल्याच आठवड्यात फिक्या गुलाबी रंगाच्या कुर्त्यांवर मी बोट ठेवलं तेव्हा मालक म्हणाले, "तुला छान दिसंल गं. पण घेणारी कोण, ते सांग बघू." मला सांगता आलं नाही.

दुकानातले अण्णा तीस वर्षं काउंटरवर आहेत. इरकल कशी पारखायची ते त्यांनी शिकवलं. साडीच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात आणि ते फासे घालून जोडलेले असतात. त्याला टोपेतेणी म्हणतात. त्यामुळं प्रत्येक साडीसाठी ताणा वेगळा लावावा लागतो. अण्णांनी पदराजवळचा तो जोड माझ्या बोटाखाली फिरवला. तेव्हापासून कुठलीही इरकल दिसली की हात आधी तिथंच जातो.

कराची गोष्टही इथंच नीट डोक्यात शिरली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याचा नग २५०० रुपयांपर्यंतचा असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यापुढं १८ टक्के. म्हणजे २४०० चा ड्रेस गिऱ्हाईकाला २५२० ला पडतो आणि २६०० चा थेट ३०६८ ला. दोनशेच्या फरकाचे साडेपाचशे होतात. म्हणून लग्नसराईचे ड्रेस निवडताना मालकांचा पहिला प्रश्न डिझाइनचा नसतो, किंमत कुठं बसते याचा असतो. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर परीक्षेपुरतं लक्षात राहिलं असतं.

पण मला लिहायचंय ते साईजबद्दल.

सुरतेहून कुर्ते सेटमध्ये येतात. एका सेटमध्ये सहा नग: एम एक, एल दोन, एक्सएल दोन, डबल एक्सएल एक. सेट फोडून मिळत नाही. एका डिझाइनचे आम्ही चार सेट घेतले होते, म्हणजे चोवीस नग. महिन्याअखेर मी हिशेब केला तर अठरा गेले होते, सहा उरले होते. पंच्याहत्तर टक्के विक्री. कॉलेजच्या भाषेत याला उत्तम म्हणतात, आणि मीही खुशीत वही मिटली होती.

दुसऱ्या दिवशी नंदगडकडच्या एक मावशी आल्या. पोरीच्या बाळाचं बारसं होतं. मावशींनी तोच कुर्ता अंगाला लावून बघितला, रंग फार आवडला, पण माप बसेना. डबल एक्सएल पहिल्याच आठवड्यात संपलं होतं. "असू दे बाई, आमच्या मापाचं कुठं मिळतंय," म्हणाल्या आणि घडी घालून परत दिला. किती जपून घडी घातली होती! माझी आईसुद्धा कुर्ता घेते तो बाजूची शिलाई उसवून घ्यायच्या तयारीनंच.

त्या रात्री मी वही पुन्हा उघडली. उरलेले सहा नग म्हणजे तीन एम आणि तीन एल. डबल एक्सएल मागून परत गेलेल्या बायका कुठंच लिहिलेल्या नव्हत्या. जे विकलं त्याचं बिल होतं, जे उरलं ते कपाटात दिसतं. पण जी बाई रिकाम्या हातानं पायरी उतरली, तिची नोंद कुणाकडंच नाही, आणि पुढची ऑर्डर मात्र या नोंदींवरूनच जाते. मला खरंच वाईट वाटलं.

मग मी मागचं एक पान आखून घेतलं. वर लिहिलं 'नाही'. कुणी काही मागितलं आणि आमच्याकडं नव्हतं, की तिथं एक रेघ. अण्णाही मला हाक मारून सांगायला लागले, "लिही गं, थ्री एक्सएल, काळा." बारा दिवसांत डबल एक्सएल आणि थ्री एक्सएलच्या मिळून एकतीस रेघा झाल्या.

आज ते पान मी मालकांपुढं ठेवलं. घसा कोरडा पडला होता. त्यांनी चष्मा पुसून पान दोनदा वाचलं, मग एजंटाला फोन लावला. सेट फोडायचा तर नगामागं वीस रुपये जास्त, असं तिकडून उत्तर आलं. मालक थोडा वेळ बोलले नाहीत. "गणपतीच्या मालात मोठ्या मापाचे दोन सेट वेगळे सांगतो. गेले तर पुढं बघू." मला एवढंही खूप आहे.

संध्याकाळी वडगावचे एक विणकर आले. स्वतःच्या यंत्रमागावरच्या बारा साड्या गाठोड्यात बांधून, वर प्लास्टिक गुंडाळून आणलेल्या. मालकांशी कन्नडमध्ये बोलले, माझ्याशी मराठीत. पोत सुरेख होता, काठाचा हिरवा तर मला फारच आवडला. पण तशीच दिसणारी साडी सुरतेहून स्वस्त पडते. मालकांनी चार ठेवून घेतल्या. "आषाढ आहे हो, श्रावणात या." गाठोडं पुन्हा बांधताना मी एक टोक धरलं.

ते गेल्यावर वही काढली. चार साड्या आवक म्हणून लिहिल्या. परत गेलेल्यांना आमच्या वहीत रकाना नाही. शेवटी 'नाही'च्याच पानावर, सगळ्यात खाली लिहिलं: वडगाव, हिरवा काठ, आठ.